मावशीच्या कानातला पाऊस

मावशीला आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून गेलं वर्षभर मी तिला पुस्तकं वाचून पाठवते. टॅबलेटवर रेकॉर्ड करायचं, फाइल पाठवायची, ती रात्री हेडफोन लावून ऐकते. सुरुवातीला टॅबलेटच्याच माइकवर भागवलं. त्यात पंखा यायचा, रस्ता यायचा, खालच्या मजल्यावरचं भांडण यायचं, आणि या सगळ्यातून वाट काढत मी.

घरात एक जुना डायनॅमिक माइक पडून होता. सभासमारंभात हातात धरून बोलतात तसला, जाळीच्या गोल डोक्याचा. हा माइक तोंडाजवळ धरूनच वापरायचा असतो. तुम्ही जवळ असता, पंखा लांब असतो, त्यामुळे पंख्याचा आवाज आपोआप मागे पडतो. त्याला वीजही लागत नाही. आत पडदा, पडद्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं आणि भोवती चुंबक. पडदा हलला की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि तारेत वीज तयार होते. लाउडस्पीकर उलटा वापरल्यासारखंच. म्हटलं, केबल आणावी, टॅबलेटला लावावी आणि वाचायला बसावं.

केबल लावली. पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली आणि वर वर चढत शेवटाला जाऊन थांबली. मी काहीही दाबलेलं नव्हतं. पिन काढली, परत घातली, पुन्हा तेच. टॅबलेट बिघडला म्हणून मी दोनदा बंद-चालू केला.

बिघडलं काहीच नव्हतं. हेडसेटच्या वायरीवर जी बटणं असतात, ती म्हणजे नुसते वेगवेगळे रेझिस्टर. बटण दाबलं की माइकच्या तारेवर तो रेझिस्टर जोडला जातो आणि किती ओहम दिसले त्यावरून टॅबलेट ठरवतो, हे कोणतं बटण. अँड्रॉइडच्या नियमात २४० ओहमच्या आसपास म्हणजे आवाज वाढवा, ४७० च्या आसपास म्हणजे कमी करा, जवळजवळ शून्य म्हणजे थांबा किंवा चालू करा. मी मीटर लावून माझ्या माइकचं वेटोळं मोजलं. २७० ओहम. म्हणजे टॅबलेटच्या मते मी आवाज वाढवायच्या बटणावर अंगठा दाबून बसले होते.

टॅबलेटला माइक कसा हवा असतो, तर इलेक्ट्रेट. हेडसेटच्या वायरीत मुगाच्या दाण्याएवढा असतो तो. त्याच्या पोटात एक फेट, म्हणजे एका जातीचा छोटा ट्रान्झिस्टर, असतो आणि त्याला चालवायला टॅबलेट माइकच्याच तारेवरून साधारण दोन व्होल्ट पुरवतो, आतल्या २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. त्याला बायस म्हणतात. समोर किमान हजारभर ओहम दिसले की टॅबलेट म्हणतो, हा माइक. म्हणजे मला मध्ये असं काहीतरी हवं होतं, जे टॅबलेटला इलेक्ट्रेट वाटेल आणि माइकचा आवाज मोठाही करील.

किती मोठा, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. विचारला बऱ्याच नंतर. पण तुमच्यासाठी आधीच मांडते. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला प्रसिद्ध माइक घ्या. ९४ डेसिबलच्या आवाजाला, म्हणजे १ पास्कल दाबाला, तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. माझा माइक त्याच जातकुळीचा. मी वाचते ती ओरडून नव्हे, शांतपणे, त्यामुळे वीतभर अंतरावरून माझ्या वाट्याला साधारण अर्धा मिलिव्होल्ट येतो. इलेक्ट्रेट त्याच आवाजाला याच्या चार-पाच पट तरी देतो. म्हणजे नुसती बरोबरी करायची तर चार-पाच पट पुरे. पण टॅबलेटचा स्वतःचा आतला ॲम्प्लिफायर काही फार शांत नसतो. त्याच्या खरखरीच्या बराच वर आपला आवाज न्यायचा तर दहा पट तरी हवी. आणि ती वाढ टॅबलेटच्या आधी व्हायला हवी. साखळीतल्या पहिल्या पायरीने पुरेशी वाढ दिली की मागच्या पायऱ्यांची खरखर त्या प्रमाणात नगण्य होत जाते. हॅराल्ड फ्रिसने १९४४ साली हे सूत्रात मांडलं. रेडिओवाल्यांचं सूत्र, पण मावशीलाही लागू.

पहिला प्रयत्न एका ट्रान्झिस्टरचा. टॅबलेट फुकट दोन व्होल्ट देतोच आहे, तर वेगळी बॅटरी कशाला? बीसी५४९सी हा ट्रान्झिस्टर घेतला. त्याच्या तीन पायांपैकी एमिटर ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्याला, कलेक्टर थेट टॅबलेटच्या माइकच्या तारेला. कलेक्टरपासून बेसपर्यंत ४७० किलोओहम, आणि माइक कपॅसिटरमधून बेसला. झालं. चार भाग. टॅबलेटच्या पोटातला २.२ किलोओहमचा रेझिस्टर हाच ट्रान्झिस्टरचा लोड. कलेक्टरवर बरोबर एक व्होल्टच्या आसपास आकडा आला, टॅबलेटने मुकाट्याने त्याला माइक मानलं, आणि माझा आवाज पडद्यावर भरभरून नाचला. इतक्या कमी मेहनतीत इतकं सुख मला सहसा मिळत नाही.

ते दोन दिवस टिकलं. एक तर वाढ तीस पटींच्या वर होती आणि कमी करायची सोय नव्हती. एखादं पात्र रागावलं की रेकॉर्डिंग फाटायचं. दुसरं म्हणजे शांततेत बारीक चिवचिव ऐकू यायची. पडद्यावर बोट फिरवलं की चिवचिव बदलायची. पान सरकवलं की सुर्र. ती माइकमधून येत नव्हतीच. दोन व्होल्टांचा बायस टॅबलेटच्या आतूनच येतो, आणि आत प्रोसेसर आणि पडदा यांची धावपळ चालू असते. ती धावपळ बायसवर उमटते आणि माझ्या चार भागांच्या सर्किटमध्ये तिला अडवणारं कोणीही नव्हतं.

म्हणून ठरवलं, नऊ व्होल्टची बॅटरी आणि ऑप-अँप, म्हणजे ॲम्प्लिफायरची तयार चिप. लोक ज्याचं नाव ऑडिओसाठी डोळे मिटून घेतात तो एनई५५३४ आणला. त्याची स्वतःची खरखर प्रत्येक हर्ट्झच्या वर्गमुळामागे चारेक नॅनोव्होल्ट. या एककाची भीती वाटू देऊ नका, आकडा जितका लहान तितका भाग शांत, एवढं धरून चाला. टीएल०७२ हा दुसरा लोकप्रिय ऑप-अँप याच मापात १८ च्या आसपास आहे, आणि तो माइकच्या तोंडाशी लावणाऱ्यांनी मावशीचे बोल ऐकायची तयारी ठेवावी.

बोल मीही ऐकले. सर्किट पाठ्यपुस्तकात असतं तसं इन्व्हर्टिंग, म्हणजे आवाज चिपच्या ऋण इनपुटला देऊन, जोडलं होतं. माइकपासून ऑप-अँपपर्यंत १० किलोओहम, ऑप-अँपच्या डोक्यावरून, म्हणजे आउटपुटपासून परत इनपुटला, ४७० किलोओहम. सत्तेचाळीस पट. गणित सोपं, जोडणी सुबक. एक प्रकरण वाचून पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन.

"काय गं, तिकडे पाऊस आहे का?"

"नाही मावशी. कडक ऊन आहे."

"मग खिडकीत काय सरसरतंय मागे? तू वाचत असतेस तेव्हा बरं असतं, थांबलीस की सुरू."

मी हेडफोन लावून ऐकलं. पाऊसच होता. एकसारखा, बारीक, न थांबणारा.

पुढचे चार दिवस मी ऑप-अँपवर संशय घेण्यात घालवले. चिप नकली असेल, सोल्डर करताना भाजली असेल. दुसरी लावली. तिसरी लावली. पाऊस तेवढाच. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कागद घेतला.

कुठलाही रेझिस्टर, त्यातून वीज वाहत नसली तरीही, आवाज करतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने वळवळत असतात आणि त्या वळवळीचा अगदी बारीक व्होल्टेज टोकांना दिसतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सनने हे मोजलं, हॅरी नायक्विस्टने त्याचं गणित बसवलं, दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. दोघंही जन्माने स्वीडिश, हा आपला माझा आवडता निरुपयोगी तपशील. सूत्र असं, की हा आवाज रेझिस्टन्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा रेझिस्टर साधारण ४ नॅनोव्होल्ट करतो, त्याच मापात. १० किलोओहमचा जवळजवळ १३.

म्हणजे चार नॅनोव्होल्टच्या शांत चिपच्या तोंडाशी मीच तेरा नॅनोव्होल्टचा गोंगाट बांधून ठेवला होता. चिप बदलून काय होणार होतं? पाऊस माझ्याच रेझिस्टरमधून पडत होता.

माइकचं वेटोळंही सुटत नाही यातून. २७० ओहम म्हणजे २.१ नॅनोव्होल्ट. ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ते सगळं मिळून ०.३ मायक्रोव्होल्ट होतं. माझा आवाज अर्धा मिलिव्होल्ट. दोघांतलं अंतर ६४ डेसिबल. जगातला सगळ्यात महाग ॲम्प्लिफायर आणला तरी या माइकवर, या आवाजात, ६४ च्या पुढे जाता येणार नाही, कारण हा पाऊस माइकच्या तांब्यातच आहे. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं. छत कुठे आहे ते दिसलं की किती उंच उडी मारायची ते ठरवता येतं. माझ्या इन्व्हर्टिंग सर्किटचा हिशोब आला ४८. म्हणजे सोळा डेसिबल मी नुसते फुंकून टाकत होते.

उपाय लाजिरवाणा सोपा निघाला. नॉन-इन्व्हर्टिंग जोडायचं. माइक थेट धन इनपुटला, म्हणजे ५५३४ च्या ३ नंबरच्या पायाला, मध्ये रेझिस्टर नाही, फक्त २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्या पायापासून ग्राउंडला २.२ किलोओहम. (हा रेझिस्टर आवाज करत नाही का? करतो, पण त्याच्या समांतर माइकचं २७० ओहमचं वेटोळं असल्याने तो दाबला जातो. म्हणूनच मधला कपॅसिटर मोठा ठेवायचा, नाहीतर खालच्या सुरांत वेटोळ्याचा आधार सुटतो.) आउटपुटपासून २ नंबरच्या पायाकडे ४.७ किलोओहम, आणि तिथून ग्राउंडकडे १०० ओहम व २२० मायक्रोफॅरड एकामागे एक. वाढ जवळजवळ तीच, अठ्ठेचाळीस पट. पण आता आवाजाच्या वाटेत मोठा रेझिस्टरच नाही. हा १०० ओहमचा मात्र हिशोबात धरावा लागतो, तो १.३ नॅनोव्होल्ट करतो. इथे कोणी १ किलोओहम आणि ४७ किलोओहम लावले तर वाढ तीच मिळेल, आणि थोडा पाऊस परत येईल. मला वाटतं माइकसाठी घरी केलेले बहुतेक छोटे ॲम्प्लिफायर इथेच मार खातात. लोक चिपचं नाव विचारतात. त्या एका रेझिस्टरचा आकडा कोणी विचारत नाही.

कागदावर ५७ डेसिबल आले, नऊचा फायदा. मोजल्यावर सात मिळाले. दोन टॅबलेटने खाल्ले असावेत.

मोजायची माझी पद्धत सांगते, कारण कानावर विश्वास ठेवून मी एकदा फसले आहे. माइकच्या जागी २७० ओहमचा रेझिस्टर प्लगमध्ये सोल्डर करून ठेवला आहे. तो म्हणजे माझा मुका माइक. तो लावायचा, सर्किटची पत्र्याची डबी बंद करायची, अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करायची आणि संगणकावर तिची सरासरी पातळी बघायची. मग इनपुट शॉर्ट करून पुन्हा तेच. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला तर पाऊस ॲम्प्लिफायरचा. शॉर्ट केल्यावर बराच खाली गेला तर तो मुक्या माइकचा, आणि तिथे हात टेकायचे.

फसले ती अशी. सर्किटमध्ये काहीतरी बदल केला आणि शांतता एकदम गाढ झाली. पावसाचा थेंब नाही. मी आनंदाने स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. मग लक्षात आलं, की शब्द सुरू झाला की पाऊस येतो आणि शब्द संपला की जातो. टॅबलेट स्वतःच आवाज साफ करत होता. व्हिडिओ कॉलसाठी बरं असतं ते, मोजमापाला विष. अँड्रॉइड ७ पासून ॲपला टॅबलेटकडे प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो. ती सोय देणारं रेकॉर्डिंग ॲप शोधा, सेटिंगमध्ये तो पर्याय निवडा, आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय दिसली तर तीही बंद करा. त्याआधीच्या माझ्या सगळ्या नोंदी मी खोडल्या. वहीची दोन पानं.

आता वीज. ५५३४ ला धन आणि ऋण दोन्ही बाजू लागतात, बॅटरी एकच. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, दोघांच्या मधला बिंदू म्हणजे आपलं ग्राउंड. त्या बिंदूपासून दोन्ही टोकांकडे २२०-२२० मायक्रोफॅरड. चिपला वर साडेचार, खाली साडेचार व्होल्ट. या चिपला एवढे चालतात. बॅटरीचं ऋण टोक डबीला लावायचं नाही, टॅबलेटला लावायचं नाही, कशालाच नाही, फक्त चिपच्या ४ नंबरच्या पायाला आणि वर सांगितलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरना. मी हे एकदा विसरले होते. काही जळलं नाही, पण बॅटरी गरम झाली आणि मी थंड पडले.

चिप चारेक मिलिॲम्पिअर खाते, त्यामुळे बॅटरी शंभर तास सहज जावी. पहिली मात्र फारच लवकर संपली. कारण मी चालू-बंद कळावं म्हणून लाल दिवा लावला होता, आणि तो दिवा चिपपेक्षा जास्त खात होता. आता त्याच्यामागे १० किलोओहम लावला आहे. मिणमिणतो, पण कळतं.

टॅबलेटच्या बाजूला मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथे सगळ्यात जास्त शिकले. अठ्ठेचाळीस पट आवाज थेट दिला तर "फ" आणि "भ" फुटतात. म्हणून पुन्हा कमी करायला हवा. मी आधी सरळ १० किलोओहम मालिकेत टाकला. आवाज बसला, पण चिवचिव परत आली! बॅटरी वेगळी, चिप वेगळी, आणि पडद्यावर बोट फिरवलं की सुर्र. मग उमजलं. बायस टॅबलेटमध्ये २.२ किलोओहमच्या मागून येतो. माझ्या बाजूनेही मोठाच रेझिस्टर असेल तर त्या तारेवर बायसचंच राज्य. माझी बाजू जर दोन-अडीचशे ओहमची असेल, तर बायसची चिवचिव त्या तारेवर दहा पटींनी दाबली जाते. म्हणून आउटपुटला १ किलोओहम आणि ३३० ओहम यांचा विभाजक केला, आणि ३३० ओहमवरून कपॅसिटरमधून टॅबलेटला. आवाज चौथा हिस्सा होतो, टॅबलेटच्या भाराने आणखी थोडा उतरतो, एकूण साधारण दहा पट वाढ उरते. पाहिजे होती तेवढीच. चिवचिव, कान देऊन ऐकली तरच.

बायसचा एक व्होल्ट त्या तारेवर असतो, म्हणून कपॅसिटरचं धन टोक टॅबलेटकडे. आणि तारेपासून ग्राउंडला २.२ किलोओहम वेगळा, टॅबलेटला इलेक्ट्रेट वाटावा म्हणून. कपॅसिटर मी आधी १०० मायक्रोफॅरडचा घातला होता, जितका मोठा तितका बरा या हिशोबाने. तेव्हा टॅबलेट कधी माइक ओळखायचा, कधी नाही. पिन घातल्या घातल्या कपॅसिटर भरायला वेळ लागतो आणि तोवर टॅबलेटला पलीकडचे अडीचशे ओहम दिसतात, म्हणजे पुन्हा बटण! १० मायक्रोफॅरड लावल्यापासून एकदाही हुकलं नाही, आणि खालचे सूरही गेले नाहीत.

पिनच्या बाबतीत एवढंच, की हल्लीच्या बहुतेक टॅबलेटमध्ये टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड आणि बुडाशी माइक असा क्रम असतो. काही जुन्या यंत्रांत शेवटचे दोन उलटे. मीटरने बायस कुठे आहे तो बघा आणि मगच सोल्डर करा.

वाढ कमीजास्त करायला १०० ओहमच्या मालिकेत १ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घातला आहे. पॉट वाढवला की तिथला रेझिस्टन्स वाढतो, खरखरही वाढते, पण तेव्हा आवाज मोठा असतो म्हणूनच तर आपण वाढ कमी करतो. खरखर वाढते ती अशा वेळी, की कोणाला ऐकू येत नाही. सर्वात कमी वाढ पाच पटींच्या वर राहते. हे महत्त्वाचं, कारण ५५३४ तीनपेक्षा कमी वाढीवर, जास्तीचा कपॅसिटर न लावता, बेताल होऊ शकतो.

डबीबद्दल. पत्र्याची, झाकणाची, हाताच्या तळव्याएवढी. सर्किट डबीत गेलं तरी विजेची घूं घूं थांबेना. झाकणावर बोट ठेवलं की कमी, काढलं की जास्त. रंग! झाकण आणि डबी दोन्हीला रंग असल्याने ती एकमेकांना टेकत होती पण जोडलेली नव्हती. कडा कानशीने घासल्या, घूं गेली. माइकच्या केबलची जाळी डबीला आणि वेटोळ्याचं थंड टोक सर्किटच्या ग्राउंडला, वेगवेगळ्या तारांनी. माइकच्या प्लगमध्ये ३ नंबरची (थंड टोकाची) आणि १ नंबरची (जाळीची) पिन एकत्र करून मोकळं होण्यापेक्षा हे बरं, कारण मग जाळीत शिरलेली घूं आवाजाच्या तारेत मिसळत नाही.

तरीही टॅबलेट चार्जिंगला असला की घूं परत येते. चार्जरमधून थोडी गळती टॅबलेटच्या ग्राउंडवर असते, आणि माझा हात माइकवर असल्याने ती वाट काढते ती माझ्या केबलमधून. यावर मी उपाय शोधला नाही. चार्जर काढते. वायफायही बंद करते, नाहीतर टकटक येते, इनपुटला रेडिओलहरी अडवणारे २२० पिकोफॅरड आणि फेराइटचा मणी लावूनसुद्धा.

एक गंमत राहिली. मधे कधीतरी इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक काढून जागा वाचवायला छोटा सिरॅमिक लावला होता. तेव्हा टेबलावर पेन्सिल ठेवली तरी रेकॉर्डिंगमध्ये ठक्क. माइक तर गादीवर ठेवलेला! तो कपॅसिटरच माइक झाला होता. काही जातींचं सिरॅमिक दाबलं की वीज देतं, आणि अठ्ठेचाळीस पटीच्या तोंडाशी बसलं की टेबलाचं सगळं ऐकतं. परत इलेक्ट्रोलिटिक. वर म्हटलेला २२० पिकोफॅरडचा मात्र सिरॅमिकच आहे, पण एनपी० जातीचा. त्याला ही खोड नाही.

"यूएसबीवर चालणारा तयार इंटरफेस घ्यायचास की," असं मला तिघांनी सांगितलं. अँड्रॉइड ५ पासून टॅबलेटला तो लावता येतो, आणि हेडफोनचं भोकच नसलेल्या नव्या टॅबलेटना बहुधा तोच रस्ता आहे. घाई असेल तर तोच घ्या. मला घाई नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या एका ट्रान्झिस्टरने माझ्या डोक्यात घर केलं आहे. हिशोब केला तर खरखरीच्या बाबतीत तो ५५३४ पेक्षा शांतच निघतो. त्याला फक्त स्वच्छ वीज मिळाली नाही. पुढच्या डबीत तो पुढे आणि ऑप-अँप मागे असं करून बघणार आहे. ५७ पासून ६४ पर्यंत अजून सात डेसिबल बाकी आहेत, त्यातले तीन-चार तरी.

या डबीवर वाचलेलं पहिलं प्रकरण परवा पाठवलं. संध्याकाळी फोन आला. मी नेहमीसारखं विचारलं, आज पाऊस?

"नाही बाई, आज कोरडं होतं. पण ती तुझी खुर्ची. दर पानाला किरकिरते. आधीही किरकिरायची का गं?"

आधीही किरकिरत असणार. खुर्ची उलटी केली, चारातले दोन स्क्रू ढिले होते. डबीच्या झाकणाला लागला तोच पेचकस लागला.